गॉलवे ते लिमरिक, एम १८ : डब्लिनला न जाणारा मोटरवे

मीरा_ओरनमोर

नमस्कार मंडळी,

आयर्लंडचा नकाशा समोर धरला की मोटरवे सगळे डब्लिनमधून फाकलेले दिसतात. बेलफास्टच्या वाटेने, गॉलवेकडे, लिमरिककडे, कॉर्ककडे, वॉटरफर्डकडे. २०१० संपता संपता हे पाचही रस्ते पूर्ण झाले. म्हणजे राजधानीतून कुठेही झटकन जाता येतं. पण गॉलवेहून लिमरिकला किंवा लिमरिकहून कॉर्कला, म्हणजे डब्लिनचं तोंडही न बघता जायचं असेल, तर काय?

एम १८ हा त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून हा धागा. शॅननपासून एनिस, क्रशीन, गॉर्ट करत तो अथेनरायजवळ रॅथमॉरिसीला एम ६ ला, म्हणजे डब्लिन-गॉलवे मोटरवेला, भेटतो. त्याच्या पुढचा तुकडा एम १७, तो तुआमला संपतो. (लिहितात तुआम, पण इथे 'चूम' म्हणतात. मी पहिलं वर्षभर चुकीचं म्हणत होते आणि कोणी हसलं नाही, हे इथल्या माणसांचं मोठेपण.)

हा रस्ता एका दमात झालेला नाही. न्यूमार्केट-ऑन-फर्गसचा बायपास २००२ मध्ये, एनिसचा २००७ मध्ये, क्रशीन ते गॉर्ट २०१० मध्ये, आणि गॉर्ट ते तुआम हा सुमारे ५७ किलोमीटरचा शेवटचा मोठा टप्पा २७ सप्टेंबर २०१७ ला.

मी २०१३ पासून ओरनमोरला राहते, नोकरी शॅननला. पहिली चार वर्षं रोज क्लॅरिनब्रिज, किलकोल्गन, आर्ड्राहन, लबान या गावांच्या पोटातून जायचे. गॉर्टला मोटरवे लागला की गाडी जरा मोकळी व्हायची. शुक्रवारी संध्याकाळी परतताना क्लॅरिनब्रिजच्या अलीकडे रांग लागायची ती इतकी, की पुढच्या गाडीतल्या मुलांशी हात हलवून ओळख व्हायची. सप्टेंबरात तिथला कालवांचा उत्सव असला की विचारूच नका. आता तोच प्रवास घड्याळ लावून होतो. मुलीला पाळणाघरातून आणायची वेळ मी कधीच चुकत नाही. माझ्यासाठी या रस्त्याचा अर्थ एवढा सरळ आहे.

माझे दोन प्रश्न. या रस्त्याने तुमच्या रोजच्या जगण्यात काय बदललं? आणि पुढे लिमरिक ते कॉर्क हा एम २० व्हावा, की तो पैसा रेल्वेला द्यावा? माझं मत आधीच सांगते : एम २० व्हायला हवा. पण मला दुसरी बाजू खरंच ऐकायची आहे.

घाटवाट_अभिजित

छान धागा. मी डब्लिनला असतो, रस्त्यांच्याच कामात. या टप्प्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची कहाणी मंदीच्या काळात जवळजवळ संपली होती.

गॉर्ट-तुआमचं काम सार्वजनिक-खासगी भागीदारीत करायचं ठरलं होतं. २००८ ची मंदी आली आणि बँकांनी हात आखडता घेतला. २०१२ मध्ये सरकारने अर्थव्यवस्थेला चालना द्यायला जे पॅकेज काढलं, त्यात हा रस्ता पुन्हा आला. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने कर्ज दिलं, एप्रिल २०१४ मध्ये करार झाला आणि साडेतीन वर्षांत रस्ता उभा राहिला. खर्च सुमारे ५५ कोटी युरो.

यात एक गोष्ट मला फार आवडते. या टप्प्यावर टोल नाही. बांधणाऱ्या कंपनीला गाड्या मोजून पैसे मिळत नाहीत. रस्ता जितका काळ नीट, खुला आणि सुरक्षित राहील त्याप्रमाणे सरकार हप्ते देतं. लेन बंद ठेवली की हप्ता कापला जातो. म्हणून दुरुस्तीची कामं रात्री, भराभर होतात.

याच्या उलट लिमरिकचा बोगदा. शॅनन नदीखालचा, जुलै २०१० मध्ये खुला झालेला. तिथे टोल आहे, आणि वाहतूक अंदाजापेक्षा कमी झाली तर सरकारने भरपाई द्यायची असं करारात लिहिलेलं होतं. वाहतूक कमी झाली, भरपाई द्यावी लागली. डब्लिनहून निघणाऱ्या एम ३ या टोलच्या मोटरवेचंही तसंच झालं. वाहतुकीचे अंदाज तेजीच्या दिवसांत बांधलेले होते. यावरून शिकूनच पुढचा करार वेगळा केला असं माझं वाचन आहे.

पार्ल्याचे_आजोबा

मी मुलीकडे एनिसला तीन महिन्यांसाठी आलो आहे. रोज सकाळी फिरायला जातो तेव्हा पुलावरून हा रस्ता दिसतो. एक शंका. जावई म्हणतात, पूर्वी याला एन १८ म्हणायचे. मग एम कधी आणि कशाने झाला? रस्ता तर तोच.

घाटवाट_अभिजित

आजोबा, रस्ता तोच, पण कायदा बदलला. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, एम म्हणजे मोटरवे. २००९ मध्ये शॅनन-एनिसकडच्या दुपदरी रस्त्याला मोटरवेचा दर्जा दिला. त्या दिवसापासून तिथे ट्रॅक्टर, सायकल, पायी चालणारे आणि शिकाऊ परवान्यावर गाडी चालवणारे यांना बंदी झाली आणि वेगमर्यादा १२० झाली. निळी पाटी दिसली की मोटरवे, हिरवी दिसली की राष्ट्रीय रस्ता. तुमच्या मुलीचा परवाना शिकाऊ असेल तर तिला जुन्या रस्त्यानेच गॉर्टला जावं लागेल.

पार्ल्याचे_आजोबा

मुलीचा पक्का आहे हो. शिकाऊ नातू आहे! त्याला हे वाचून दाखवलं, तो हिरमुसला. धन्यवाद.

कुडाळचो_बाबल

मी थंय ऱ्हवत नाय, पण धागो वाचलंय. २७ सप्टेंबर २०१७ ला ह्या रस्त्याचा उद्घाटन कोणी केला ता कोणीच लिवूक नाय! तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. जूनात पंतप्रधान झाले आणि सप्टेंबरात ह्यो रस्तो खुलो केलो. २०१९ च्या डिसेंबरात ते घरच्या माणसांक घेवन वराडला इले तेव्हा अख्खो गाव रस्त्यार होतो. माझी आत्या वराडची, तिनां त्यांका लांबसून बघल्यान. अजून सांगता.

ऊर भरान इलो वाचून.

मीरा_ओरनमोर

बाबल, हे माझ्या अगदी डोळ्यासमोरून निसटलं होतं! त्या दिवशी मी ऑफिसात होते. दुपारनंतर रस्ता सुरू झाला आणि आम्ही तीन गाड्या मुद्दाम त्याच वाटेने परतलो. डांबर इतकं काळं आणि नवं होतं की पांढऱ्या रेषा डोळ्यांत भरत होत्या. घरी आईला फोन केला तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं होतं, "वराडकरांना बघितलंस का?" नाही बघितलं. अजून हळहळ वाटते.

वेदवती

या रस्त्यावरची माझी सगळ्यात लाडकी जागा एक झाड आहे. झाड म्हणण्यापेक्षा झुडूप. न्यूमार्केट-ऑन-फर्गसजवळ लटून नावाची जागा आहे, तिथे एक व्हाइटथॉर्न आहे. इथले लोक त्याला 'स्क्याख' म्हणतात.

१९९९ मध्ये बायपासची आखणी बरोबर या झुडपावरून गेली होती. एडी लेनिहन नावाचे लोककथांचे अभ्यासक क्रशीनला राहतात. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी ऐकून त्या जपणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी वर्तमानपत्रातून आवाज उठवला. ते म्हणाले, मन्स्टरच्या (आयर्लंडचा दक्षिणेकडचा प्रांत) पऱ्या कॉनाक्टच्या (पश्चिमेकडचा प्रांत) पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा याच झुडपापाशी जमतात. ते तोडलं तर या रस्त्यावर माणसं मरतील. बातमी थेट अमेरिकेच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. शेवटी क्लेअर काउंटीच्या इंजिनियरांनी आराखड्यात थोडा फेर केला आणि झुडूप कुंपण घालून राखलं.

२००२ मध्ये कोणीतरी रात्री येऊन करवतीने त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या. खोड तेवढं उरलं. आणि तेही पुन्हा फुटलं.

आता बघा, मन्स्टर आणि कॉनाक्ट यांना जोडणारा आजचा रस्ता कोणता? हाच एम १८. शॅनन-एनिस मन्स्टरमध्ये, गॉर्ट-तुआम कॉनाक्टमध्ये. पऱ्यांची वाट आणि आपली वाट एकच निघाली. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

सातपुडा_७७

वेदवतीताई, सुंदर लिहिलंत. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड आठवला. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता, चारशे वर्षांचा म्हणतात. २०२० मध्ये गावकरी आणि निसर्गप्रेमींनी झाडाभोवती उभं राहून आवाज केला आणि महामार्गाची आखणी बदलली. माझं आजोळ तिथून जवळ. लहानपणी यल्लम्माच्या देवळात जाताना त्या वडाखाली बसून दशम्या खाल्लेल्या आहेत. रस्ता वळू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घाटवाट_अभिजित

माझ्या पेशातल्या लोकांच्या वतीने एक गोष्ट नोंदवतो. आखणी वळवणं कागदावर सोपं दिसतं, पण वेळेत कळलं तरच. काम सुरू होण्याआधी, माती हलण्याआधी कोणी येऊन सांगितलं की अमुक झाड आहे, अमुक विहीर आहे, तर दहा-वीस मीटर इकडेतिकडे करता येतं. लटूनला तेच झालं. एकदा पूल ओतला की हात बांधले जातात. म्हणून जनसुनावणीला जाणारी माणसं मला नेहमी मोलाची वाटतात, मग ती पऱ्यांबद्दल बोलोत की पाण्याबद्दल.

आणि पाण्याबद्दल बोलायलाच हवं. गॉर्ट ते अथेनराय हा सगळा भाग चुनखडीचा. नद्या मध्येच जमिनीखाली जातात आणि पुन्हा वर येतात. इथे 'टर्लोक' असतात : पावसाळी तळी. हिवाळ्यात जमिनीखालचं पाणी भोकांतून वर येऊन कुरणाचं तळं होतं, उन्हाळ्यात तेच पाणी त्याच भोकांतून परत जातं आणि तिथे गायी चरतात. २००९ च्या नोव्हेंबरात गॉर्टच्या आसपास पूर आला होता तो असाच, खालून. अशा जमिनीवर रस्त्याचं तेलकट पाणी सरळ मुरू दिलं तर ते कोणाच्या विहिरीत निघेल सांगता येत नाही. म्हणून मोटरवेच्या कडेला अस्तर घातलेली तळी दिसतात. सगळं पाणी आधी तिथे जातं, गाळ बसतो, मग पुढे सोडतात. गाडीतून ती बदकांसाठी केलेली वाटतात, पण सगळी शिस्त त्यांच्यात आहे.

रुळांवरचा_सदानंद

आता मी दुसरी बाजू मांडतो, मीराताईंनी मागितली आहे म्हणून.

मार्च २०१० मध्ये एनिस ते अथेनराय हा अनेक वर्षं बंद असलेला लोहमार्ग पुन्हा सुरू झाला. लिमरिक ते गॉलवे थेट रेल्वे! त्यासाठी पश्चिमेतल्या लोकांनी किती वर्षं लढा दिला होता. गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी क्रशीन-गॉर्ट मोटरवे खुला झाला. मग २०१७ मध्ये उरलेला. रेल्वेला सुमारे दोन तास लागतात, मोटरवेने सव्वा-दीड तास. त्या मार्गाला पाय रोवायला वेळच मिळाला नाही.

वर अभिजितनी पाण्याचं लिहिलं. रेल्वेचंही ऐका. न्यूमार्केटजवळ बॅलीकारचं तळं आहे. ओला हिवाळा असला की ते रुळांवर येतं आणि लिमरिक-एनिस गाडी बंद. काही वर्षी तर आठवडेच्या आठवडे. रस्त्यासाठी तळी बांधायला पैसा मिळतो. रेल्वेच्या वाट्याला मात्र त्या दिवसांत बस येते. मी स्वतः अशा बसमध्ये उभा राहून गेलो आहे, शेजारी एक आजीबाई गॉलवेच्या इस्पितळात तपासणीला निघाल्या होत्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मोटरवे त्यांच्यासाठी नाही. इथल्या निम्म्या चर्चांत ही माणसं मोजलीच जात नाहीत.

२०२४ च्या जुलैत दोन्ही आयर्लंडच्या रेल्वेचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अथेनराय ते क्लेअरमॉरिस मार्ग पुन्हा सुरू करावा असं म्हटलं आहे. माझं मत : आधी ते करा, बॅलीकारचे रूळ उचला, मग एम २० बोला.

नचिकेत_कॉर्क

सदानंददादा, तुमच्या आजीबाईंचं पटलं, मनापासून. पण एन २० वरून रात्री गाडी चालवून बघा एकदा.

मी डॉक्टर आहे. राहतो कॉर्कला, दीड वर्ष लिमरिकच्या एका इस्पितळात ड्युटी होती. मॅलो, बटेव्हंट, चार्लविल. आयर्लंडमधली दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची शहरं जोडणारा हा रस्ता, आणि तो गावाच्या मुख्य बाजारातून जातो. बटेव्हंटमध्ये दुकानाच्या दारात माणूस उभा असेल तर त्याच्या कोटाला ट्रकचा वारा लागतो. एका नोव्हेंबरात रात्रपाळीहून परतताना चार्लविलच्या पुढे समोरून ओव्हरटेक करत आलेल्या गाडीचे दिवे सरळ माझ्या डोळ्यांत. मी डावीकडच्या गवतात उतरलो म्हणून आज लिहितोय. हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते, दहा मिनिटं तसाच बसलो होतो. मोटरवेवर मध्ये दुभाजक असतो, समोरून कोणी येत नाही. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

आणि हे काम किती जुनं आहे! २०१० मध्ये एम २० चा प्रस्ताव मंजुरीसाठी गेला होता. २०११ मध्ये पैसे नाहीत म्हणून मागे घेतला. २०२२ मध्ये पुन्हा मार्ग निवडला, साधारण ८० किलोमीटर, बराचसा जुन्या रस्त्याच्या लगतून. आमच्या इथल्या मुलांनी त्या आराखड्याची पहिली चित्रं पाहिली तेव्हा ती शाळेत होती, आता ती स्वतः गाड्या चालवतात.

शॅननकाठची_स्वाती

नचिकेत, सांभाळून रे. वाचून पोटात खड्डा पडला.

मी लिमरिकला चौदा वर्षं आहे. बोगद्याबद्दल एक सांगू? टोलचा राग सगळ्यांनाच येतो, मलाही येतो. पण बोगदा होण्याआधी विमानतळाकडे जाणारी, गॉलवेकडे जाणारी सगळी वाहतूक शहरातून, नदीवरच्या पुलांवरून जायची. आज मी पुलावरून मुलांना शाळेत चालत नेते. ट्रक खालून जातात, आम्ही वरून. बोगदा ६७५ मीटरचा आहे, त्यातला नदीखालचा भाग म्हणजे आधी बांधलेले काँक्रीटचे मोठे डबे पाण्यात बुडवून जोडलेले. धाकट्याला ते इतकं आवडतं की बोगद्यात शिरलो की तो श्वास रोखून धरतो. "आई, वरती मासे असतील ना?" असतात, खरंच असतात.

अवांतर : २०२७ ला अडेअरला गोल्फचा रायडर कप आहे, म्हणून अडेअरच्या बायपासचं काम जोरात चाललंय. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांनी मागितलेला रस्ता एका स्पर्धेमुळे मार्गी लागला याचा आनंद आहे. चार्लविललाही काहीतरी स्पर्धा मिळो!

गवताची_पात

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण या विषयावर लिहायलाच हवं.

माझं लग्न अथेनरायच्या बाजूच्या शेतकरी घरात झालं आहे. मोटरवे आमच्या जमिनीतून जातो. सक्तीच्या भूसंपादनाचं पत्र आलं तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, देशात तेजी होती. मग मंदी आली. रस्ता होणार की नाही, कोणी सांगेना. त्या पट्ट्यात खत घालावं का, कुंपण दुरुस्त करावं का, नवीन गोठा कुठे बांधावा, काहीच ठरवता येईना. सासरे म्हणायचे, पैशाचं नंतर बघू, पण हो की नाही ते सांगा. ती वर्षं त्यांना फार जड गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर हाच विषय असायचा.

शेवटी काम सुरू झालं. जमिनीचे दोन भाग झाले. दूध काढायची जागा अलीकडे, चांगलं कुरण पलीकडे. रस्त्याखालून गुरांसाठी भुयार बांधून दिलं. पहिल्या दिवशी गायी त्यात शिरेनात. काँक्रीटचा वास, आवाज घुमतो, पलीकडे उजेडाचा एक चौकोन. सासऱ्यांनी म्हातारी गाय पुढे घेतली, तिच्या गळ्यावर हात ठेवून बोलत बोलत चालत गेले, मागून मी बादली वाजवत. अर्धा तास लागला. आता त्या स्वतःच जातात.

त्या पट्ट्यात एक दगडी कुंपण होतं. इकडे मातीगारा न वापरता दगडावर दगड रचतात, फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. ते सासऱ्यांच्या आजोबांनी रचलेलं. यंत्रं यायच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही ते हातांनी उतरवलं. दोन ट्रॉल्या दगड घरी आणले. त्यांनी त्या दगडांची परसात वाफ्याभोवती बुटकी भिंत रचली. त्या वाफ्यात आता मी मेथी आणि कोथिंबीर लावते.

रस्त्याचा मी राग करत नाही. सासऱ्यांना गेल्या वर्षी लिमरिकला उपचारांसाठी नेत होतो, तेव्हा याच रस्त्याने. पण एम २० साठी ज्यांना पत्रं जातील त्यांना लवकर आणि स्पष्ट उत्तर द्या. जमीन देतोच आहोत, निदान ताटकळत ठेवू नका. माझं एवढंच म्हणणं आहे.

नचिकेत_कॉर्क

हे मी कधीच या बाजूने पाहिलं नव्हतं. मी नेहमी म्हणतो 'लवकर करा', पण माझा विचार फक्त गाडीत बसलेल्याचा होता. रखडण्याचा त्रास त्यांनाही तितकाच आहे. खूप खूप आभार.

वेदवती

गवताची पात, त्या म्हाताऱ्या गायीसाठी माझ्याकडून थोडी पेंड. आणि तुम्ही लिहीत जा.

कुडाळचो_बाबल

ताई, डोळ्यांत पाणी इला. आमच्याकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या वेळी असाच झाला. २०११ पासून काम चालू हा. आमच्या बाजूचो सिंधुदुर्गातलो भाग बरो झालो, वरचो अजून आसा तसा. पण आमच्या घरापुढची चिऱ्याची गडगी गेली तेव्हा माझे वडील दोन दिवस जेवूक नाय. तुमी दगड घरी हाडल्यात, बरा केल्यात. आमका ता सुचूक नाय.

रुळांवरचा_सदानंद

मीही थोडा मऊ झालो, खरं सांगतो. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण दुरुस्त करतो. एम २० झाला तर त्याच्या बरोबरीने बॅलीकारचे रूळ वर घ्या, तिकिटं स्वस्त करा. 'आधी हे मग ते' म्हणत राहिलं की दोन्ही होत नाहीत.

आणि एक राहिलं. गॉलवे शहराच्या टोकाचं काय? मोटरवेने भरधाव यायचं आणि शहराच्या तोंडाशी पाऊण तास थांबायचं. रिंगरोडला डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली होती, पण नुकताच आलेला हवामान कृती आराखडा विचारात घेतला नव्हता म्हणून ती न्यायालयात टिकली नाही. क्लेअरगॉलवेतही गर्दी हलकी झाली, पण तुआमहून गॉलवेला कामाला येणारे अजून तिथूनच येतात. त्या लोकांना बसची वेगळी लेन आणि चांगली रेल्वे मिळाली तर?

मीरा_ओरनमोर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं.

सदानंददादा, शहराच्या तोंडाशी थांबायचं तुमचं अगदी बरोबर. गंमत म्हणजे ओरनमोरहून लिमरिकला मोटरवेने जायचं तर मला आधी डब्लिनच्या दिशेने, पूर्वेला जावं लागतं. रॅथमॉरिसीला तीन मजली चौक आहे : एक मोटरवे खाली, एक वर, मध्ये गोल चक्कर. तिथे वळून मग दक्षिणेला. नवीन पाहुणे गाडीत असले की दर वेळी विचारतात, "चुकलीस का गं?"

माझं मत आता असं झालंय. एम २० हवाच, नचिकेतसारखे लोक रात्री त्या रस्त्यावर आहेत तोवर हवाच. पण तुकड्यातुकड्यांनी, मध्ये वर्षं सोडून नको. एम १८ ला पहिल्या बायपासपासून तुआमपर्यंत पंधरा वर्षं लागली. त्या वर्षांत माझ्यासारखीचा नुसता वेळ गेला, गवताच्या पातीच्या घरची झोप गेली. कॉर्क-लिमरिकच्या आराखड्यावर लोकांचं म्हणणं मागवतील तेव्हा मी लिहिणार आहे, आणि त्यात भूसंपादनाचं उत्तर ठरावीक मुदतीत द्या हा मुद्दा पहिला घालणार. मसुदा इथे टाकेन, सुधारून द्या.

वेदवती, लटूनचं झुडूप नेमकं कुठून दिसतं? इतकी वर्षं त्याच्याजवळून रोज जाते, कधी बघितलेलं नाही.

वेदवती

ड्रोमोलँडच्या बाजूला बाहेर पडायच्या रस्त्यापाशी. वेग कमी झाला की लक्ष ठेव. मोठं झाड शोधू नकोस, माणसापेक्षा थोडंसंच उंच असेल, भोवती लाकडी कुंपण. मे महिन्यात जा, तेव्हा पांढऱ्या फुलांनी भरतं. मोटरवेवर गाडी थांबवू नकोस मात्र, बाहेर पडूनच बघ.

पार्ल्याचे_आजोबा

मी मेच्या शेवटापर्यंत एनिसला आहे. मीरा, तू जाशील त्या शनिवारी मला सांगशील का? नातू गाडी शिकतोय, त्याला घेऊन जुन्या रस्त्यानेच येऊ. डबा मी आणतो.

गवताची_पात

आजोबा, मेथीचे ठेपले माझ्याकडून.